विहीर चोरीला गेल्याची फिर्याद : मकरंद अनासपुरे यांचे आठ चित्रपट

दसरा-दिवाळी उरकली की बीड जिल्ह्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. मुकादमाकडून ऊसतोडीची आगाऊ उचल घेतलेल्या जोड्या बिऱ्हाड बांधतात, ट्रकमध्ये नाहीतर बैलगाडीत संसार चढवतात आणि पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटकातल्या कारखान्यांची वाट धरतात. पुढचे चार-सहा महिने मुक्काम कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं. पाटोदा, आष्टी, शिरूर, धारूर, वडवणी, केज, कुठल्याही तालुक्यात जा, चित्र सारखंच. राज्याला हा जिल्हा ठाऊक आहे तो तीन गोष्टींमुळे : दुष्काळ, ऊसतोड आणि राजकारण. याच जिल्ह्यानं मराठी सिनेमाला 2004 नंतरच्या दशकातला सर्वांत चालणारा विनोदी नट दिला. त्याचं नाव मकरंद अनासपुरे.

कोणते सिनेमे सरस यावर चहाच्या टपरीवर वाद झडतात आणि ते गोडच असतात. पण अनासपुरे यांच्या बाबतीत हा वाद मला नुसता करमणुकीचा वाटत नाही. मराठवाड्याच्या माणसाला मराठी पडद्यानं कसं वागवलं, याचा हिशेब त्यांच्या सिनेमांतूनच मांडावा लागतो. म्हणून आठ चित्रपट निवडले आणि त्यांचा क्रम लावला. कसोटी एकच ठेवली : प्रेक्षागृहात हसू येतं ते कुणावर? खेड्यातल्या माणसावर, की त्याला अडाणी समजणाऱ्यावर?

त्यांच्या आधी

मराठी विनोदी सिनेमाचा नकाशा पाहिला तर मराठवाड्याच्या जागी बराच काळ पोकळी दिसते. दादा कोंडके यांनी 1971 च्या ‘सोंगाड्या’पासून खेडं पडद्यावर आणलं, पण त्या खेड्याची बोली आणि तमाशाचा बाज पश्चिम महाराष्ट्राचा होता. पुढे ‘धूमधडाका’ (1985) आणि ‘अशी ही बनवाबनवी’ (1988) यांचा जमाना आला. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांनी महाराष्ट्राला पोट धरून हसवलं, पण तो विनोद मुंबई-पुण्याच्या चाळींत, फ्लॅटांत आणि नोकरी शोधणाऱ्या पोरांत फुलला. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात असलेला आणि नंतरही मागेच राहिलेला मराठवाडा पडद्यावर नायक म्हणून आला नाही. आला तर नोकर, वॉचमन किंवा बावळट पाहुणा होऊन आला.

रंगभूमीवर मात्र कोंडी फुटली होती. औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारे प्रा. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगात पन्नासच्या वर माणसं एकट्यानं उभी करत होते आणि मराठवाडी बोली पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला तिकीट काढून ऐकायला लावत होते. पुढे हाच प्रयोग माजलगावच्या संदीप पाठक यांनी केला. म्हणजे बीड जिल्ह्याचा या परंपरेशी संबंध एका नटापुरता नाही.

अनासपुरे बीडचे. औरंगाबादच्या नाट्यवर्तुळात घडले आणि मुंबईला गेले. ‘सरकारनामा’ (1998), ‘वास्तव’ (1999) अशा चित्रपटांत छोटी कामं करत राहिले. 2004 साल मराठी सिनेमाला वळण देणारं ठरलं. ‘श्वास’ आला, भारतातर्फे ऑस्करला गेला आणि मराठीत पुन्हा पैसे लावायला माणसं धजू लागली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात लक्ष्मीकांत बेर्डे गेले. विनोदी नायकाची खुर्ची मोकळी होती. भरत जाधव, सिद्धार्थ जाधव आणि मकरंद अनासपुरे या तिघांनी ती आपापल्या परीनं भरली. 2007 मध्ये ‘झी टॉकीज’ ही वाहिनी सुरू झाली आणि ज्या गावात थिएटर नाही तिथंही हे चेहरे रोजचे झाले. बीडसारख्या जिल्ह्याला याचं मोल जास्त. तालुक्याची टॉकीज बंद पडली तरी टीव्ही होता, पुढे मोबाइल आला, आणि कोपीत बसूनही अनासपुरे यांचा ‘कायद्याचं बोला’ बघता येऊ लागला.

आता क्रम. खालून वर.

8. साडे माडे तीन (2007)

अंकुश चौधरी यांचं दिग्दर्शन. ‘चलती का नाम गाडी’ या 1958 च्या हिंदी चित्रपटाचा हा मराठी अवतार. अशोक सराफ, भरत जाधव आणि अनासपुरे हे तीन भाऊ. दोन पिढ्यांचे विनोदवीर एका गॅरेजमध्ये उभे राहतात आणि कुणी कुणाला खात नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. अनासपुरे यांचं टायमिंग इथं चोख आहे. अशोक सराफ यांच्यासारख्या नटासमोर वाक्य कधी टाकायचं आणि कधी गप्प बसायचं हे कळणं सोपं नाही. पण भूमिका त्यांच्या मातीची नाही, दुसरा कुठलाही चांगला नट ती निभावून नेऊ शकला असता. म्हणून आठवा क्रमांक.

7. सावरखेड : एक गाव (2004)

राजीव पाटील यांचा हा चित्रपट अनासपुरे यांच्या कारकिर्दीचा दरवाजा आहे. अंकुश चौधरी, श्रेयस तळपदे आणि सदाशिव अमरापूरकर यांच्याबरोबरीनं ते इथं दिसतात. गाव सुखी आहे, मग त्या गावावर संकट येतं आणि गावकरी भयानं गोठतात, अशी रहस्यकथेची बांधणी. भीतीच्या गोष्टीत हसवणारा माणूस ठेवायचा म्हणजे धोका असतो, तो ताण घालवून बसतो. इथं तसं होत नाही. अनासपुरे हसवतात तेव्हा गाव जिवंत वाटतं आणि गाव जिवंत वाटलं की त्यावरचं संकट खरं वाटतं. भूमिका लहान, पण या नटाच्या बोलण्याला मोठा पडदा पेलतो हे सगळ्यांच्या ध्यानात आलं ते इथं.

6. गाढवाचं लग्न (2007)

हरिभाऊ वडगावकर यांचं हे वगनाट्य. दादू इंदुरीकर यांनी सावळ्या कुंभार अजरामर केला आणि त्या कामासाठी त्यांना संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला. पुढे प्रकाश इनामदार यांनी ती परंपरा चालवली. अशा भूमिकेला हात घालणं म्हणजे प्रेक्षकाच्या आठवणीशी कुस्ती. राजू फुलकर यांच्या चित्रपटात अनासपुरे सावळ्या झाले आणि राजश्री लांडगे गंगी.

त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली, इंदुरीकरांची नक्कल केली नाही. वगातला सावळ्या प्रेक्षकाला डोळा मारून बोलतो, कारण प्रेक्षक समोर बसलेला असतो. सिनेमात समोर कॅमेरा असतो. अनासपुरे यांचा सावळ्या प्रेक्षकाकडे न बघता गाढवाशी बोलतो, बायकोशी भांडतो, राजाच्या दरबारात चाचपडतो, आणि तरी त्याच्या बोलण्यातला वगाचा ठेका सुटत नाही. चित्रपट म्हणून तो लांबला आहे, गाण्यांत अडकतो. पण लोकनाट्यातला गरीब कुंभार, ज्याला राजाच्या दरबाराशी सोयरिक करावी लागते, तो इथं दयेचा विषय होत नाही. तो सौदा करतो. हसू दरबारावर येतं.

5. गल्लीत गोंधळ, दिल्लीत मुजरा (2009)

बीड जिल्ह्यात राजकारण हा बोलण्याचा विषय नाही, ते बोलणंच आहे. 1967 साली या मतदारसंघानं सांगली जिल्ह्यातल्या क्रांतिसिंह नाना पाटलांना कम्युनिस्ट पक्षाच्या तिकिटावर लोकसभेत पाठवलं होतं. पुढे गोपीनाथ मुंडे यांनी या जिल्ह्याला राज्याच्या आणि देशाच्या राजकारणात वजन मिळवून दिलं. गावातला चहावालाही इथं जागावाटपाचं गणित मांडतो. अशा प्रेक्षकाला राजकीय विनोद विकायचा तर माल अस्सल लागतो.

नागेश भोसले यांच्या या चित्रपटात अनासपुरे नारायण वाघ आहेत आणि समोर सयाजी शिंदे. दोघांची जुगलबंदी हाच चित्रपटाचा जीव. स्थानिक पुढाऱ्याची देहबोली अनासपुरे यांनी अचूक पकडली आहे : खांदे किंचित वर, हात जोडलेले, पण नजर समोरच्याच्या मागे कोण उभं आहे त्यावर. लाचारी आणि महत्त्वाकांक्षा एकाच चेहऱ्यावर राहतात हे त्यांनी दाखवलं. 2014 मध्ये ‘पुन्हा गोंधळ पुन्हा मुजरा’ आला. तोवर विनोदाची धार बोथट झाली होती. पहिल्याला पाचवा क्रमांक, दुसऱ्याला यादीत जागा नाही.

 

4. दे धक्का (2008)

अतुल काळे आणि सुदेश मांजरेकर यांचं दिग्दर्शन. मूळ कल्पना ‘लिटल मिस सनशाइन’ या 2006 च्या अमेरिकन चित्रपटाची. मकरंद जाधव या माणसानं गाडीचा एक सुटा भाग शोधून काढला आहे, त्याच्या हक्कासाठीच्या कोर्टकचेरीत घरदार गेलं आहे, आणि मुलीला नाचाच्या स्पर्धेसाठी मुंबईला न्यायचं आहे. गाडी खटारा, धक्का मारल्याशिवाय सुरू न होणारी. बरोबर शिवाजी साटम, मेधा मांजरेकर, सिद्धार्थ जाधव आणि दोन गुणी मुलं, गौरी वैद्य आणि सक्षम कुलकर्णी.

सिद्धार्थ जाधव हसवण्याचं काम अंगावर घेतात, म्हणून अनासपुरे यांना घरकर्ता होता येतं. इथं त्यांचा विनोद चिडचिडीतून येतो. कर्ज असलेला बाप असाच बोलतो : प्रत्येक वाक्य तुटक, प्रत्येक विनोदामागे पैशाचा हिशेब. सगळे मिळून गाडी ढकलतात आणि मग धावत्या गाडीत एकेक जण उडी मारतो, तेव्हा प्रेक्षक हसतो. पण कुणीच त्या कुटुंबाला हसत नाही. आपण त्यांच्याबरोबर धावत असतो. संपूर्ण घरानं एकत्र बसून पाहावा असा हा त्यांचा सर्वांत उबदार चित्रपट.

3. रंगा पतंगा (2016)

प्रसाद नामजोशी यांचा हा चित्रपट पहिल्या क्रमांकावर ठेवावा असं अनेकांना वाटेल. विनोदी नटानं गंभीर भूमिका केली की समीक्षक तिला वरचा पाट देतात, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. मला ती मान्य नाही. तरीही हे काम तिसऱ्या क्रमांकाच्या खाली जाऊच शकत नाही.

विदर्भातला गरीब शेतकरी जुम्मन. त्याचे दोन बैल, रंगा आणि पतंगा, हरवतात. बैलांवर त्याचा जीव पोटच्या पोरांसारखा. पोलीस दाद देत नाहीत. मग बातमीवाल्यांच्या हाती प्रकरण लागतं आणि बैल बाजूला राहून जुम्मनचा धर्म चर्चेत येतो. कॅमेरे दारात उभे, स्टुडिओत वाद पेटलेला, आणि ज्याचे बैल गेले त्याला नेमकं काय चाललंय हे समजत नाही.

अनासपुरे यांनी इथं आपलं सर्वांत मोठं हत्यार, जीभ, म्यानात ठेवलं. जुम्मन फार बोलत नाही. मोकळ्या गोठ्याकडे बघतो, चालत राहतो, भेटेल त्याला विचारत राहतो. 2015 च्या मार्चमध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला होता आणि मराठवाडा-विदर्भ सलग दुष्काळात होता. चारा नाही, पाणी नाही, जनावर विकताही येत नाही, अशा दिवसांत हा चित्रपट आला. बीडमध्ये त्याच काळात चारा छावण्यांत माणसं जनावरांसोबत महिनोन्‌महिने राहत होती. छावणीत रात्र काढलेल्या शेतकऱ्याला जुम्मनचं दुःख समजावून सांगावं लागत नाही.

2. कायद्याचं बोला (2005)

औरंगाबादच्याच मुशीतून आलेले चंद्रकांत कुलकर्णी दिग्दर्शक आणि बीडचा नट. ‘माय कझिन व्हिनी’ (1992) या अमेरिकन चित्रपटावरून बेतलेली गोष्ट : निरपराध पोरं खुनाच्या आरोपात अडकतात आणि त्यांचा खटला लढायला येतो अनुभव नसलेला, कोर्टाची रीतभात न जाणणारा वकील. मराठीत तो झाला केशव कुंथलगिरीकर.

आडनावच बघा. कुंथलगिरी धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यात, बीडच्या शिवेला लागून. जैनांचं सिद्धक्षेत्र आणि खव्याच्या पेढ्यांसाठी प्रसिद्ध. असं आडनाव घेऊन मराठी सिनेमाचा नायक कोर्टात उभा राहिला, आणि तो वकील होता, आरोपी किंवा पट्टेवाला नव्हता, ही त्या वेळी मोठी गोष्ट होती.

या चित्रपटाची सगळी मौज उलटतपासणीत आहे. पहिल्या अर्ध्यात केशवचं बोलणं, उभं राहणं, कायद्याच्या कलमांत अडखळणं यावर प्रेक्षक हसतो. मग साक्षीदार पिंजऱ्यात येतात. त्यांच्या साक्षी वरवर पक्क्या असतात. केशवला कलम आठवत नाही, पण माणूस कसा बघतो, किती वेळ बघतो, कशाला थाप मारतो हे त्याला बाजारात, एसटी स्टँडवर, भावकीच्या भांडणात शिकायला मिळालं आहे. तो तेच विचारतो, त्याच सुरात विचारतो. आवाज चढवत नाही, शुद्ध बोलण्याचा आव आणत नाही. साक्ष ढासळत जाते आणि मघाशी त्याच्यावर हसणारा प्रेक्षक आता त्याच्या बाजूनं हसू लागतो. बोली तीच, माणूस तोच. बदलतो तो बघणारा. एका चित्रपटात दोन-सव्वादोन तासांत प्रेक्षकाची नजर अशी फिरवणं मराठी विनोदात क्वचित साधलं आहे. मराठवाड्यातल्या कितीतरी पोरांना पुण्या-मुंबईच्या कॉलेजात आपल्या हेलाची लाज वाटायची बंद झाली त्यात या भूमिकेचा वाटा आहे, असं मी ठामपणे मानतो.

1. जाऊ तिथे खाऊ (2007)

हा पहिला? होय. छायाचित्रण, संगीत, निर्मितीमूल्य यांत तो आधी सांगितलेल्या सातांतल्या काहींपेक्षा मागे आहे, हे मान्य. पण ज्या कल्पनेवर तो उभा आहे आणि ती ज्या नटाच्या तोंडी आली आहे, त्या दोघांची अशी गाठ पुन्हा पडली नाही.

एक माणूस पोलीस ठाण्यात येतो आणि फिर्याद देतो : माझी विहीर चोरीला गेली.

ठाण्यात आधी हसू, मग वैताग. विहीर कशी चोरीला जाईल? फिर्यादीचं म्हणणं सरळ आहे. सरकारी योजनेतून विहीर मंजूर झाली. खोदल्याची नोंद आहे, बांधकाम झाल्याची नोंद आहे, पाहणी झाल्याची नोंद आहे, पैसे दिल्याचीही नोंद आहे. एवढ्या साहेबांच्या सह्या खोट्या कशा असतील? साहेब खरे तर विहीर होती. आणि आज रानात विहीर नाही, म्हणजे ती कुणीतरी नेली. शोधून द्या.

या युक्तिवादाला उत्तर नाही, कारण उत्तर द्यायचं तर सह्या खोट्या म्हणाव्या लागतात. अनासपुरे ही फिर्याद मांडतात ती चेष्टेच्या सुरात नाही. ते पूर्ण भाबडेपणानं, जरा अदबीनंच मांडतात, आणि त्या अदबीनं सगळी यंत्रणा कोंडीत सापडते. डोळा मिचकावला असता तर प्रसंग नकलेत गेला असता. गरिबाच्या हातात कागदाविरुद्ध कागदच असतो, हे त्यांना ठाऊक आहे.

याच धर्तीची कथा पुढे श्याम बेनेगल यांनी ‘वेल डन अब्बा’मध्ये आणली, बोमन इराणी यांना घेऊन. तो चित्रपट लघुकथांवर आधारलेला होता आणि त्याला सामाजिक विषयावरच्या चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे कागदावरची विहीर हे साऱ्या देशाचं दुखणं. पण मराठवाड्यात त्याला वेगळी धार आहे. 1972 च्या दुष्काळात इथल्या माणसांनी खडी फोडली, पाझर तलाव खोदले, त्यातून राज्याच्या रोजगार हमी कायद्याला बळ मिळालं. विहीर ही इथं योजना नव्हे, पोरीचं लग्न आणि पोराचं शिक्षण त्यावर ठरतं. 2023 मध्ये फुलंब्रीच्या पंचायत समितीसमोर एका सरपंचानं विहिरींच्या मंजुरीसाठी लाच मागितली जाते असा आरोप करत दोन लाखांच्या नोटा उधळल्या. चित्रपटाला तेव्हा सोळा वर्षं झाली होती. विनोद जुना झाला नव्हता.

यादीबाहेर

‘गोष्ट छोटी डोंगराएवढी’ (2009) अगदी थोडक्यात राहिला. शेतकऱ्याच्या कोंडीवरचा प्रामाणिक चित्रपट, निळू फुले यांच्या अखेरच्या कामांपैकी एक, पण सांगण्याची घाई त्याला नडते. ‘हापूस’ आणि ‘अगडबम’ (दोन्ही 2010) यांत चांगले प्रसंग आहेत. दिग्दर्शक म्हणून अनासपुरे यांनी ‘डँबिस’ (2011) आणि ‘राजकारण गेलं मिशीत’ (2024) केले.

आणि मग उरतात त्या मधल्या वर्षांतले कितीतरी चित्रपट, ज्यांत निर्मात्यांनी त्यांचा हेल तेवढा विकत घेतला आणि भूमिका लिहायची राहूनच गेली. धोतर, टोपी, दोन द्व्यर्थी वाक्यं, एक गाणं. गाव कुठलं, पीक कुठलं, माणूस पोट कशावर भरतो, याचा पत्ता नाही. यात नटाचा दोष नाही असं म्हणणार नाही. त्यांनी नकार द्यायला हवा होता. पण मोठा दोष त्या लिखाणाचा, ज्याला मराठवाडा म्हणजे फक्त बोलण्याची ढब वाटली.

आणखी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. 2015 च्या सप्टेंबरात नाना पाटेकर आणि अनासपुरे यांनी नाम फाउंडेशन उभं केलं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या कुटुंबांना मदत, नाले-ओढ्यांचं खोलीकरण, गाळ काढणं, ही कामं मराठवाड्यात झाली. बीडमध्ये त्यांच्याविषयी जी आपुलकी आहे त्यात या कामाचा मोठा भाग आहे आणि ती रास्त आहे. पण त्या उपकाराचे गुण मी चित्रपटांना दिलेले नाहीत. कामाचा आदर वेगळा, कलेचं मोजमाप वेगळं. एवढं मात्र खरं की जो नट विहिरीची फिर्याद इतक्या खरेपणानं मांडतो, त्याला पाण्याचं मोल पडद्याबाहेरही कळावं यात नवल नाही.

माझा निवाडा असा : मकरंद अनासपुरे थोर ठरतात ते कोर्ट, ठाणं, दरबार, पक्ष कार्यालय, स्टुडिओ अशा एखाद्या बंद दारासमोर साध्या माणसाला उभं करतात तेव्हा. दार नसेल तर त्यांची भूमिका पोकळ राहते. वरचे तीनही चित्रपट अशा दारासमोर घडतात.

म्हणून मराठवाड्यातल्या लिहित्या पोरांना एक विनंती. बीडच्या माणसासमोर अजून कितीतरी दारं बंद आहेत. उचलीच्या हिशेबाची वही, साखर कारखान्याचा काटा, पीकविम्याचा अर्ज, हंगामी वसतिगृहाची यादी. यांतल्या एकेका दारावर ‘कायद्याचं बोला’च्या तोडीचा विनोदी चित्रपट होऊ शकतो, आणि तो पेलणारा नट आपल्याकडे आहे. गोष्ट लिहा. गावाचं नाव खरं ठेवा. आणि वाचकहो, यंदाच्या सुट्टीत वरचे तीन चित्रपट क्रमानं बघा. क्रम पटला नाही तर जरूर भांडा, पण ‘जाऊ तिथे खाऊ’ बघितल्याशिवाय भांडू नका.